एकशे बारा जणांचं एक तोंड

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, जंगलातल्या एका ओढ्यावर एकच डोह भरलेला राहिला होता. ओढा पौषातच आटला. वरचे दगड उघडे पडले, खालची वाळू तापायला लागली, पण मधला डोह मात्र हिरवा, खोल आणि थंड. आसपासचे लोक त्याला समिंदर म्हणत. त्यांच्यापैकी कुणीही खरा समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळं या नावाबद्दल कुणाला कधी शंका आली नाही.

डोहाभोवती तीन वस्त्या होत्या. आंधांची वाडी, गोंडांचा गुडा आणि कोलामांचं पोड. तिघांची बोली वेगळी, देव वेगळे आणि डोह सांभाळायची रीतही वेगळी. आंधांच्या बायका दर उन्हाळ्यात काठाचा गाळ उपसत. उंबराखालच्या कपारीतली मरळ मासळी देवाची, तिला हात लावायचा नाही, असं गोंडांचं होतं. आणि माशांच्या पोटात अंडी असतात त्या दोन महिन्यांत कोलाम पाण्यात जाळं टाकत नसत आणि दुसऱ्या कुणाला टाकूही देत नसत. समिंदर टिकलाय तो आपल्यामुळं, बाकीचे नुसतं पाणी पितात, असं तिन्ही वस्त्यांना मनातून वाटत होतं.

त्याच वर्षी नवा जिल्हा होणार अशी आवई उठली. तालुक्याचं गाव आता जिल्ह्याचं गाव होणार म्हणून तिथं आधी विश्रामगृह बांधायला घेतलं, मग विश्रामगृहापुढं हिरवळ करायचं ठरलं आणि हिरवळीच्या मधोमध कारंजं. जिल्हा अजून कागदावरसुद्धा आला नव्हता, पण कारंज्याचा खड्डा खणून तयार होता. हे सगळं काम साहेबराव नावाच्या ठेकेदाराकडं होतं. फाल्गुनात तो जीप घेऊन डोहावर आला. पाण्यात एक दगड टाकला, कान देऊन आवाज ऐकला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दहा एचपीची मोटर आरामात चालंल. कारंज्याला पाणी कमी पडायचं न्हाई."

काठावर गोधडी धूत बसलेल्या धुरपताबाई भुरकेनं हे ऐकलं. ती आंधांच्या वाडीतली, पन्नाशी उलटलेली, आणि बोलायला बसली की समोरच्याला दोनदा भूक लागायची. तिनं ओली गोधडी तशीच दगडावर टाकली आणि वाडीत जाऊन सगळ्यांना सांगितलं, "समिंदर उपसून राहिले. कारंज्यात सोडणार हायेत."

"कारंजं म्हंजे काय गं?" कुणीतरी विचारलं.

"पाणी वर फेकायचं आन् परत खाली घ्यायचं."

"कशापायी?"



दुसऱ्याच दिवशी ती तालुक्याला गेली. नव्या जिल्ह्याच्या तयारीसाठी तिथं एक कक्ष उघडला होता. कक्षात एक टेबल होतं, टेबलामागं गुरुपादप्पा नावाचे साहेब होते आणि दाराशी व्यंकटी नावाचा कारकून. गुरुपादप्पा मूळचे उदगीरकडचे. शांत माणूस, पण उन्हाचा फार त्रास. धुरपताबाईनं समिंदरापासून सुरुवात केली. ओघात समिंदरावर पाणी पिणाऱ्या आपल्या शेळीवर आली, शेळीच्या खुरांना झालेल्या रोगावर आली, आणि मग शेळीच्या आईचीही एक गोष्ट निघाली. व्यंकटी इमानेइतबारे लिहून घेत होता. आठ दिवसांनी वाडीत जनावरांचा फिरता दवाखाना आला आणि सगळ्या शेळ्यांना सुया टोचून गेला. समिंदराचं नाव कुणी काढलं नाही.

मग गोंडांच्या गुड्यावरून जंगू मडावी गेला. वयानं मोठा, डोक्याला भलाथोरला पटका, बोलणं सावकाश. कुठलीही गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय ती खरी होत नाही, असं त्याचं मत होतं. त्यानं पणजोबांपासून सुरुवात केली. पणजोबांनी जंगल कसं तोडलं नाही, इथपर्यंत सकाळ गेली. आजोबांचं लग्न लागेपर्यंत साहेबांची जेवणाची सुट्टी झाली. जंगू दारातच थांबला, पण सुट्टीनंतर साहेब दौऱ्यावर गेले. समिंदर वडिलांच्या काळात येणार होता, तो राहिला.

कोलामांच्या पोडावरून लेतू टेकाम गेला. लेतू परक्या माणसाशी बोलतच नसे. तो कक्षात जाऊन भिंतीला टेकून बसला आणि कुणीतरी विचारील म्हणून वाट पाहत राहिला. व्यंकटीला वाटलं, साहेबांनी नवा शिपाई मागवला होता तो हाच. त्यानं लेतूला फायली उचलायला सांगितल्या. लेतूनं उचलल्या. पाणी भरायला सांगितलं, त्यानं भरलं. दुसऱ्या दिवशीही हेच झालं. तिसऱ्या दिवशी लेतू गेला नाही तर व्यंकटीनं त्याची गैरहजेरी लावली.

आता लेखीच द्यावं असं ठरलं. जवळच्या आश्रमशाळेत शिवकांताबाई म्हणून शिक्षिका होत्या, लातूरच्या. माहेरच्या गावी आठ दिवसांआड नळ येतो हे त्या रोज फोनवर ऐकायच्या, त्यामुळं पाण्याचा विषय त्यांना समजावून सांगावा लागला नाही. लोकांनी सांगितलं तसं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'आमच्या समिंदराला मोटर लावू नये.' तिन्ही वस्त्यांचे अंगठे आणि सह्या घेतल्या. एकवीस दिवसांनी उत्तर आलं. 'या जिल्ह्यास समुद्रकिनारा नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आपण संबंधित किनारपट्टीच्या जिल्ह्याकडे दाद मागावी.'

शिवकांताबाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या धुरपताबाईला घेऊन स्वतःच कक्षात गेल्या.

"अहो बाई," गुरुपादप्पा कपाळ पुसत म्हणाले, "मी तरी काय करू? एक जण शेळी सांगतंय, एक जण पणजोबा सांगतंय, आणि तो तिसरा, तो तर आमच्याकडं चांगला कामाला होता. तुम्हाला नक्की काय पाहिजे तेच कळंना. असं करू. चैत्र संपला की मी डोहावर येतो आणि तिथंच सुनावणी घेतो. ठेकेदारही येईल. पण एक करा, त्या दिवशी सगळ्यांनी एका तोंडानं बोला. नाहीतर मला समोर मोटर दिसंल आणि मी परवानगी देऊन टाकीन."

"एका तोंडानं," धुरपताबाई म्हणाली.

"हां. एका तोंडानं."

साहेब बोलून गेले. धुरपताबाईनं ते शब्दशः घेतलं.

त्या रविवारी तिन्ही वस्त्या पहिल्यांदाच आश्रमशाळेच्या पटांगणात एकत्र बसल्या. एका तोंडानं म्हणजे सगळ्यांनी एकदम, एकच वाक्य, असं धुरपताबाईनं सांगितलं. शिवकांताबाई म्हणाल्या की साहेबांना तसं म्हणायचं नसावं. एकानं सगळ्यांच्या वतीनं बोलायचं, असा त्याचा अर्थ होतो.

"एकेकानं बोलून झालं की बाई," धुरपताबाई म्हणाली. "म्या बोलले तर शेळीला सुई भेटली. तुमची पोरं पाढे कसे म्हणतेत? एकटं पोरगं चुकतंय. समदे मिळून म्हटले की चुकत न्हाईत."

शिवकांताबाईंनी हे मान्य केलं, कारण त्यांच्या वर्गात खरोखरच तसंच होतं.

मग वाक्य ठरवायला बसले. ते दोन दिवस चाललं. जंगूला पणजोबा हवेच होते. पणजोबा घेतले तर वाक्य संध्याकाळपर्यंत जाईल, म्हणून घासाघीस होऊन 'आज्यापंज्यापासून' या एका शब्दावर तोडगा निघाला. धुरपताबाईला शेळ्या हव्या होत्या, त्याही आल्या. 'आमचा समिंदर' म्हणायचं तर आमचा म्हणजे कुणाचा, यावर पहिल्या दिवशी गुड्यातली आणि वाडीतली माणसं उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. आपण दर साली गाळ काढतो हे आंधांच्या बायकांनी सांगितलं तेव्हा गोंड चकित झाले, कारण तो गाळ आपोआप कमी होतो असं त्यांना वाटायचं. कोलाम जाळं का टाकत नाहीत हे कळल्यावर वाडीतल्या एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजे मासे तुमच्यामुळं हायेत व्हय?" इतकी वर्षं शेजारी राहून हे आज कळत होतं, आणि त्याचं सगळ्यांनाच थोडं ओशाळं वाटलं. शेवटी आमचा हा शब्दच काढून टाकला.

लेतूला विचारलं, तुला वाक्यात काय पाहिजे? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "न्हाई."

"काहीच न्हाई?"

"न्हाई हेच पाहिजे."

ते शेवटी घातलं. वाक्य असं झालं: 'आज्यापंज्यापासून समिंदर माणसांचा, शेळ्यांचा, माशांचा, आमी समदे राखून राहिलो, मोटर लावायची न्हाई.'

म्हणायला लागल्यावर नवीच अडचण आली. आंध भराभर म्हणून मोकळे व्हायचे, गोंड अजून शेळ्यांपाशी असायचे, आणि कोलामांना मराठी वाक्य पाठ व्हायला वेळ लागला. शिवकांताबाईंनी टेबलावर डस्टर आपटून ताल धरला, पण लोक डस्टरकडं बघण्यात वाक्य विसरायचे. मग कुणीतरी सुचवलं की लेतू नाहीतरी बोलणार नाहीच, त्यालाच पुढं उभा करा. लेतूनं हात वर केला की सुरू, खाली केला की बंद. लेतूचा हात संथ आणि ठाम होता. फायली उचलून उचलून तो आणखीच स्थिर झाला असावा. तीन दिवसांत एकशे बारा माणसं एका दमात वाक्य म्हणायला लागली. झाडावरचे पक्षी पहिल्या दिवशी उडाले. तिसऱ्या दिवशी त्यांनीही सवय करून घेतली.

सुनावणीच्या दिवशी गुरुपादप्पा साहेब सकाळी दहाला आले. सोबत व्यंकटी आणि त्याचं रजिस्टर. मागून साहेबराव आला. पांढरे बूट, हातात कारंज्याचं रंगीत चित्र. मोहाच्या झाडाखाली साहेबांसाठी शाळेतली खुर्ची मांडली होती. समोर काठावर तिन्ही वस्त्या ओळीनं उभ्या, आणि ओळींपुढं पाठमोरा लेतू.

"अरे, हा आपला शिपाई," व्यंकटी म्हणाला.

साहेबांनी त्याला गप्प केलं आणि विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे?"

लेतूनं हात वर केला. एकशे बारा जणांनी वाक्य म्हटलं. डोहाच्या पलीकडच्या कड्यावरून ते परत आलं. साहेबरावाच्या हातातलं चित्र खाली पडलं.

गुरुपादप्पा खुर्चीत सावरून बसले. "बरं," ते म्हणाले. "व्यंकटी, लिहा. हे कोण बोललं?"

"समदे बोलले साहेब," व्यंकटी म्हणाला.

"नियमात तसं चालत नाही. जबाब देणाऱ्याचं नाव लागतं."

म्हणून व्यंकटीनं एकशे बारा नावं लिहून घेतली. त्यात सव्वा तास गेला. तोवर सूर्य डोक्यावर आला.

साहेबराव हुशार माणूस होता. गर्दी फोडायची कशी हे त्याला कळत होतं. तो धुरपताबाईजवळ जाऊन गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्या वाडीला चांगला सिमेंटचा रस्ता करून देतो. तुमी सांगा, मोटरीला काय हरकत हाय?"

धुरपताबाईला बोलायचं होतं. सिमेंटच्या रस्त्यावर तिच्याकडं निदान तासाभराचं बोलणं तयार होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण लेतूनं हात वर केला आणि तिला बाकीच्यांबरोबर वाक्यच म्हणावं लागलं.

मग तो जंगूकडं वळला. "मामा, तुमी जाणते. तुमीच सांगा."

"माझा पणजोबा," जंगूनं सुरुवात केली, तोच लेतूचा हात वर गेला. जंगू पहिल्याच शब्दावर सगळ्यांत मिसळला. आज्यापंज्यापासून.

सगळ्यांत अवघड गेले ते वाक्याबाहेरचे प्रश्न. साहेबांनी विचारलं, "उद्या गावात कुणाला प्यायला पाणी नसलं तर द्याल की नाही?" याची तालीम झाली नव्हती. लेतूनं हात वर केला नाही. सगळी माणसं वळली आणि झाडीत गेली. तिथून पाऊण तास तीन भाषांतलं भांडण ऐकू येत होतं. मग ते परत आले, ओळी लावल्या, लेतूनं हात उचलला.

"प्यायला देऊ. घागरीनं. मोटर लावायची न्हाई."

"आणि जनावरांना?"

पुन्हा सगळे झाडीत. या वेळी अर्धा तास.

"जनावर इथं येऊन पिईल. मोटर लावायची न्हाई."

"आणि कारंज्याला?" साहेबरावानं मधेच विचारलं.

यासाठी झाडीत जावं लागलं नाही. लेतूनं नुसता हात अर्धा वर केला, तेवढ्यात उत्तर आलं.

दुपारी तीनपर्यंत असंच चाललं. आणलेला चहा संपला. गुरुपादप्पांनी पायातले बूट काढले, मग मोजे काढले, मग काठावर जाऊन हळूच पाय डोहात सोडले आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. चेहऱ्यावरून ते तक्रारीचं वाटलं नाही. व्यंकटी रजिस्टरात तेच वाक्य चव्वेचाळिसाव्या वेळी लिहीत होता आणि लिहिताना त्याचे ओठही हलत होते. साहेबरावाचा ड्रायव्हर तर दुपारपासून गोंडांच्या ओळीत जाऊन उभा होता. तिथं सावली चांगली होती, आणि लेतूचा हात वर गेला की तोही म्हणत होता, कारण शेजारचे सगळे म्हणत असताना एकट्यानं गप्प राहणं बरं दिसत नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाले, "आता ठेकेदाराचं म्हणणं नोंदवू. साहेबराव, थोडक्यात सांगा."

साहेबराव उठला. सकाळपासून उन्हात होता. पांढरे बूट चिखलात गेले होते. त्यानं खाकरून घसा साफ केला, चित्र उघडलं आणि सुरुवात केली. "साहेब, नव्या जिल्ह्याची शोभा म्हणून विश्रामगृहापुढं कारंजं होणं गरजेचं हाय. त्याकरता आमची नम्र विनंती अशी, की, की या समिंदराला..." तो अडखळला. त्याची नजर समोर गेली. लेतूच्या पाठीला खाज आली होती आणि त्यानं खाजवायला हात वर घेतला होता. ओळींतल्या माणसांना ते कळलं, साहेबरावाला नाही. "...मोटर लावायची न्हाई," साहेबराव म्हणाला.

 व्यंकटीनं ते लिहिलं.

"तसं न्हाई," साहेबराव म्हणाला. "माझ्या तोंडात बसलं ते. पुन्हा सांगतो." तो ताठ उभा राहिला, डोळे मिटले, आणि पहिल्यापासून सुरू केलं. कारंज्यापर्यंत नीट आला. विनंतीपर्यंत आला. मग परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं मुद्दाम सावकाश सांगून पाहिलं, तर या वेळी शेळ्यासुद्धा आल्या.

गुरुपादप्पांनी पाय पाण्यातून काढले, रुमालानं पुसले आणि म्हणाले, "व्यंकटी, शेवटी लिहा. उभयपक्षी एकमत." मग साहेबरावाकडं रजिस्टर सरकवलं. साहेबराव बराच वेळ पेन हातात धरून उभा होता. नवं काही सांगायला तोंड उघडलं तर तोंडातून काय निघेल याचा त्यालाच भरवसा राहिला नव्हता. त्यानं सही केली.

महिन्याभरात कागद आला. डोहावर कुठलंही यंत्र लावू नये, आणि डोहाची देखभाल तिन्ही वस्त्यांनी मिळून करावी. कारंज्याच्या खड्ड्यात विश्रामगृहवाल्यांनी पुढं जास्वंद लावली. जिल्ह्याचं नंतर काय झालं ते विचारायला कुणी गेलं नाही.

देखभाल मिळून करायची म्हटल्यावर खरं काम सुरू झालं. गाळ उपसायला आता गोंड आणि कोलामही येतात. पहिल्या वर्षी जंगूला पाटी कशी धरायची इथपासून शिकवावं लागलं आणि बायकांनी त्याला मनसोक्त शिकवलं. अंड्यांच्या महिन्यांत कोलाम सांगतील त्या दिवशी जाळी बंद होतात आणि ते सांगतील त्या दिवशी उघडतात. आंधांच्या वाडीत यावरून दोन घरांनी कुरकुर केली, पण पुढच्या साली मासे जास्त आले, तेव्हा त्यांनीच पहिली टोपली पोडावर नेऊन दिली.

त्याच सालच्या दिवाळीत ओढ्याच्या खालच्या अंगाच्या एका गावातून चार बाया धुरपताबाईकडं आल्या. त्यांच्या इथंही एक डोह होता, वाळूवाल्यांनी अर्धा बुजवलेला. आम्हालाही मिळून काहीतरी करायचंय, पण आमच्यात तर एका घरात दोन मतं, असं त्या म्हणत होत्या.

धुरपताबाईनं त्यांना भाकरी वाढली, ठेचा वाढला. मग शेजारणीला हाक मारून जंगूकडं निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं त्या बायांबरोबर पायी निघाले. वाटेत त्या चौघी चार वेगवेगळ्या गोष्टी एकदम सांगत होत्या. धुरपताबाई मधे बोलली नाही. तिला घाई नव्हती. वाट लांबची होती आणि आधी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं होतं.